मोटारीचें इंजिन कां तापतें?



मे महिन्यांत कोणत्याही घाटाच्या चढावर दृष्टि टाकली, तर रस्त्याच्या कडेला एखादी तरी मोटार बॉनेट उघडें टाकून उभी असलेली दिसते. भोंवतीं मंडळी जमलेली असतात, आणि जितकीं तोंडें तितकीं निदानें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, पाणी संपलें. कोणी म्हणतो, पंप गेला. कोणी म्हणतो, गाडी जुनी झाली, आतां विकून टाका. या गर्दींत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. गाडी तापली ती केव्हां? उभी असतांना, वेगानें धांवतांना, चढावर, कीं घरून निघाल्याबरोबर? या 'केव्हां'च्या उत्तरांत 'कां'चें उत्तर बहुधा दडलेलें असतें. तें न शोधतां एकामागून एक भाग बदलीत गेलें, तर पैसा जातो आणि दोष जागच्या जागीं राहतो.

प्रथम ही उष्णता येते कोठून व जाते कोठें, तें पाहूं. पेट्रोलचा भडका होतो तेव्हां सिलिंडरांतील वायूचें उष्णमान क्षणभर २००० अंश सेंटिग्रेडच्याही वर जातें. सिलिंडरांत खालींवर होणारा दट्ट्या, ज्याला कारागीर पिस्टन म्हणतात, तो हल्लीं बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करतात. आणि शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळतें. मग दट्ट्या वितळून कां जात नाहीं? कारण भडका क्षणभरच टिकतो, आणि धातूला लागलेली उष्णता सिलिंडराभोंवतीं खेळणारें पाणी व आंतील तेल लगोलग उचलून नेतात. इंधनाच्या एकंदर उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर नळीवाटे निघून जातो, आणि उरलेला भाग मुख्यत्वें पाण्याच्या द्वारें हवेंत टाकून द्यावा लागतो. म्हणजे इंजिन गरम असणें हा दोष नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे. टाकाऊ उष्णता बाहेर जाण्याची वाट अडली, म्हणजे दोष उत्पन्न होतो.

ही वाट अशी: धातूकडून उष्णता पाण्यांत येते. पंप तें पाणी पुढें ढकलतो. पाणी वरच्या रबरी नळींतून रेडिएटरांत उतरतें आणि तेथील बारीक नळ्या व त्यांना चिकटलेले पातळ पत्रे यांच्या योगानें हवेला उष्णता देऊन, निवून, खालच्या नळीनें परत इंजिनांत जातें. गाडी धांवत असली म्हणजे समोरचा वारा रेडिएटरांतून आपोआप वाहतो. ती उभी असली म्हणजे पंख्याला तें काम करावें लागतें. इंजिन व रेडिएटर यांच्यामध्यें थर्मोस्टॅट नांवाची एक लहानशी झडप असते. तिच्यांत मेणाची डबी असते. इंजिन थंड असतांना झडप बंद राहते, आणि पाणी इंजिनांतल्या इंजिनांतच फिरून लवकर गरम होतें. उष्णमान ८० ते ९० अंशांच्या आसपास पोंचलें कीं मेण वितळून फुगतें, झडप उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते.

पूर्वींच्या मोटारींत इतकी सिद्धता नव्हती. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या तीन चाकी गाडींत इंजिनाभोंवतींचें पाणी सरळ उकळूं देत असत. वाफ होऊन जाईल तेवढें पाणी पुन्हां भरावयाचें, हीच थंड करण्याची रीत. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोघां मुलग्यांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर या गाडीनें गेल्या, तेव्हां वाटेंत ठिकठिकाणीं थांबून त्यांना पाणी घ्यावें लागलें. पुढें १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाख यांनीं मधाच्या पोळ्यासारख्या असंख्य बारीक नळ्यांचा रेडिएटर योजिला, आणि तेंच पाणी पुन्हां पुन्हां वापरणें सोयीचें झालें. फोर्डच्या टी मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत तर पंपही नसे. गरम पाणी हलकें होऊन वर जातें व थंड पाणी जड होऊन खालीं येतें, या अभिसरणाच्या नियमावरच त्यांचें काम भागे. अभिसरणाची आकृति वहींत काढतांना ती कशाच्या उपयोगीं पडते असें ज्याला वाटत असेल, त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां दाबाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथेंच माणसें भाजतात.

घरांतील प्रेशर कुकर सर्वांच्या परिचयाचा आहे. कुकरांत दाब वाढल्यामुळें पाणी १०० अंशांवर न उकळतां त्याहून बऱ्याच वरच्या उष्णमानावर उकळतें. रेडिएटरचें झांकण हीच युक्ति वापरतें. त्याच्या स्प्रिंगमुळें आंत साधारणपणें एका वातावरणाइतका जादा दाब राहतो, आणि नुसतें पाणी असलें तरी तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. घाटमाथ्यावर याचें महत्त्व अधिक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. तेथें उघड्या भांड्यांतील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. झांकणाचें रबर कडक होऊन चिरलें असेल, तर दाब टिकत नाहीं, आणि इंजिनाचा दुसरा कोणताही दोष नसतां पाणी उतूं जातें. झांकण हा थोड्या पैशांचा जिन्नस आहे, म्हणूनच त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

परंतु गरम गाडीचें हेंच झांकण उघडलें तर काय होतें, त्याचें गणित करून पाहूं. समजा, ५ लिटर म्हणजे सुमारें ५००० ग्रॅम पाणी ११० अंशांवर आहे. झांकण निघतांच दाब उतरतो, आणि पाण्याला १०० अंशांवर यावेंच लागतें. दर ग्रॅमामागें १० कॅलरी याप्रमाणें ५०,००० कॅलरी उष्णता मोकळी होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी अप्रकट उष्णता लागते. भागाकार केला म्हणजे दिसेल कीं, ९० ग्रॅमांहून थोड्या अधिक पाण्याची तत्काळ वाफ होते. एका ग्रॅमाची वाफ सुमारें १.७ लिटर जागा व्यापते. तेव्हां एकूण वाफ दीडशें लिटरांच्या वर झाली! एवढ्या वाफेला बाहेर पडावयास वाट मुठीएवढीही नाहीं, आणि ती वाफ उरलेलें उकळतें पाणी आपल्याबरोबर उडवीत येते. झांकणावर वांकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्या वाटेवर असतो. शिवाय वाफ त्वचेवर निवतांना तीच ५४० कॅलरी परत देते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून भयंकर. पालकांनीं मुलांना हें गणित एकदां करावयास लावावें. नुसत्या 'हात लावूं नकोस' या ताकिदीपेक्षां त्याचा परिणाम अधिक होईल. नव्या पुष्कळ गाड्यांत झांकण रेडिएटरवर नसून बाजूच्या प्लॅस्टिकच्या टांकीवर असतें. तें दाबाखालीं असेल तर धोका तोच. दुर्दैवानें कोणी भाजलेंच, तर त्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. तेल, तूप, टूथपेस्ट कांहीं लावूं नये, आणि डॉक्टरांकडे जावें.

वाटेंत काटा चढूं लागला तर काय करावें? गाडींतील थंड हवेचें यंत्र प्रथम बंद करावें, आणि हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा. हीटर म्हणजे आंत बसविलेला एक धाकटा रेडिएटरच होय. इंजिनाची थोडी उष्णता तो प्रवाशांच्या अंगावर घेतो. मे महिन्यांत हा उपाय प्रवाशांना सुखाचा वाटणार नाहीं, पण इंजिनाला वाटतो. मग सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी. वाफ दिसत नसेल व पाणी गळत नसेल, तर इंजिन एकदोन मिनिटें किंचित् जलद चालूं द्यावें, म्हणजे पंप व पंखा काम करतील. काटा उतरला तर ठीकच. न उतरला, वाफ दिसली, किंवा तांबडा दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावें. 'पुढच्या गांवापर्यंत जाऊं' म्हणून तसेंच हांकणाऱ्यांचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें, प्रसंगीं दट्ट्या सिलिंडरांत घट्ट बसून इंजिन जाम होतें. आणि शंभर रुपयांचा दोष हजारोंवर जातो. बंद केल्यावर निदान अर्धा तास थांबावें. वरची रबरी नळी हाताला कोमट व दाबल्यास मऊ लागेपर्यंत झांकणाला स्पर्श करूं नये. नंतरही जाड फडक्यानें, तोंड बाजूला ठेवून, तें हळूहळू सैल करावें. तापलेल्या रिकाम्या इंजिनांत थंडगार पाणी ओतल्यास धातूस एकाएकीं आकुंचन पावावें लागून भेग पडण्याचा संभव असतो.

हा झाला प्रथमोपचार. आतां निदानाकडे वळूं, आणि एक उदाहरण घेऊं.

एक गाडी पुण्याहून महाबळेश्वरास निघाली आहे. महामार्गावर कांहीं तक्रार नाहीं. वाई सोडून पसरणीच्या घाटास लागल्यावर पुढें एस. टी. ची बस आहे, तिच्या मागें दुसऱ्या गियरमध्यें हळूहळू चढावें लागत आहे, आणि काटा वर सरकतो आहे. पांचगणीच्या सपाटीवर गाडी जरा वेगानें चालूं लागली, तों काटा आपोआप खालीं आला. गॅरेजमध्यें कोणी म्हणेल, रेडिएटर बदला. पण थोडा विचार करा. वेगांत असतांना वारा मिळतो व गाडी थंड राहते; म्हणजे पाणी फिरत आहे, रेडिएटर उष्णता टाकीत आहे. वेग गेला, वारा गेला, आणि उष्णता सांचली. तेव्हां संशय पहिल्यानें पंख्यावर घ्यावा. विजेचा पंखा असल्यास परीक्षा सोपी आहे: गाडी उभी करून थंड हवेचें यंत्र सुरू केलें कीं बहुतेक गाड्यांत पंखा फिरावयास हवा. न फिरल्यास फ्यूज पाहावा, नंतर रिले, नंतर जोडणीची तार, आणि शेवटीं मोटर. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर अडकलेली आहे किंवा तारेंत दोष आहे. मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेणें म्हणजे आगीला आमंत्रण. जुन्या अँबॅसडरसारख्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तेथें पट्टा सैल किंवा झिजलेला आहे काय, हें इंजिन बंद करून पाहावें. एक सावधगिरीची सूचना: विजेचा पंखा इंजिन बंद असतांनाही एकाएकीं फिरूं लागतो, म्हणून त्याच्याजवळ बोटें नेऊं नयेत. पंखा नीट फिरत असूनही घाटांत काटा चढतोच, असें दिसल्यास मगच रेडिएटरकडे वळावें. त्याच्यापुढें जाळीसारखा जो थंड हवेच्या यंत्राचा भाग असतो, त्या दोहोंमध्यें चिखल व किडे भरून वाट बुजलेली पुष्कळदां आढळते. ती बाजू हलक्या पाण्यानें धुवावी. जोरदार फवाऱ्यानें पातळ पत्रे वांकतात, आणि केलेलें काम उलटतें.

याच्या उलट गाडी गांवांत शांत राहते आणि महामार्गावर वेग वाढला कीं तापते, असें असेल, तर वाऱ्याचा प्रश्नच नाहीं; वारा भरपूर आहे. वेगांत उष्णता अधिक उत्पन्न होते आणि तेवढें पाणी फिरत नाहीं, हें उघड झालें. रेडिएटरच्या नळ्या आंतून क्षारांनीं चोंदल्या असतील, पंपाचीं पातीं झिजलीं असतील, किंवा खालची रबरी नळी जुनी होऊन पंपाच्या ओढीनें चपटी होत असेल. हा शेवटचा दोष फसवा आहे, कारण इंजिन थांबलें कीं नळी पुन्हां गोल दिसते!

घरून निघून पांचदहा मिनिटें झालीं नाहींत तोंच काटा चढला, तर प्रथम गाडी थंड असतांना पाण्याची पातळी पाहावी. ती बरोबर असून इंजिन तापलेलें पण रेडिएटर व खालची नळी थंड असेल, तर थर्मोस्टॅट बंदच राहिला असें समजावें. याची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंतही करतां येईल. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्यानें पाण्याच्या भांड्यांत अधांतरीं टांगावा, शेजारीं तापमापक धरावा, आणि पाणी हळूहळू तापवावें. झडपेवर छापलेल्या अंकाच्या आसपास ती उघडूं लागली पाहिजे, आणि पाणी निवल्यावर मिटली पाहिजे. उकळत्या पाण्यांतही जी मिटलेलीच राहते, ती निकामी. कांहीं मिस्त्री अशा वेळीं 'आपल्या देशांत याची गरजच नाहीं' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात व दुसरा बसवीत नाहींत. हें मत चुकीचें आहे. त्यायोगें इंजिन योग्य उष्णमानास लवकर पोंचत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें आणि सिलिंडर लवकर झिजतात. कांहीं इंजिनांत तर पाण्याचा बराच भाग रेडिएटर टाळून आडवाटेनेंच फिरत राहतो. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो.

पाणी वरचेवर कमी होतें, पण गाडीखालीं थेंब दिसत नाहीं, हें लक्षण सर्वांत चिंतेचें. पंपाखालच्या बारीक छिद्राजवळ ओल किंवा क्षाराची रेघ आहे काय, हीटरखालच्या सतरंजीला दमटपणा आहे काय, हें आधीं पाहावें. तेथें कांहीं नसल्यास पाणी सिलिंडरांत जात असण्याचा, म्हणजे हेड गॅस्केट फुटल्याचा संशय येतो. थंड गाडी झांकण काढून सुरू केली असतां रेडिएटरांत सारखे बुडबुडे येणें, सुरू करतांच वरची नळी दगडासारखी ताठ होणें, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणें, तेल दुधाळ होणें, हीं त्याचीं चिन्हें होत. यांपैकीं एकट्या चिन्हावर निर्णय करूं नये. पावसाळ्यांत थोडथोडें अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झांकणाला दमटपणामुळेंही पांढरट साय धरते, आणि थंडीच्या सकाळीं पांढरा धूर निर्दोष गाडीलाही येतो. दोनतीन चिन्हें एकत्र दिसलीं, तर मात्र गाडी हांकूं नये. ती ओढून न्यावी.

काट्यावरही अंधविश्वास ठेवूं नये. चढलेला काटा एकाएकीं खालीं आला, तर हायसें वाटतें. परंतु पाणी इतकें उतरलें असेल कीं, उष्णमान सांगणारा भाग उघडा पडून तो आतां पाण्याचें उष्णमान सांगतच नाहीं, असेंही असूं शकतें. हीटरमधून एकाएकीं थंड हवा येऊं लागली, तर हाच संशय दृढ होतो.

शेवटीं पाण्याविषयीं. ज्यांच्या घरीं न्हाणीचा तांब्याचा बंब आहे, त्यांनीं त्याच्या आंत सांचलेला पांढरा थर पाहिला असेल. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार तापल्यावर असे खालीं बसतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तेंच घडतें, आणि उष्णतेची वाट बंद होते. म्हणून वाटेंतील अडचणीच्या वेळीं मिळेल तें पाणी घालावें, पण घरीं आल्यावर तें काढून क्षारविरहित पाणी व गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट घालावें. कूलंटांतील एथिलीन ग्लायकॉलमुळें उत्कलनबिंदु वाढतो, आणि त्यांतील इतर द्रव्यांमुळें धातूला गंज चढत नाहीं. भरतांना हवा आंत कोंडूं नये म्हणून तें हळूहळू ओतावें, हीटर उघडा ठेवावा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पाहत जावी. हें द्रव्य रंगानें सुंदर व चवीला गोड असतें, पण विषारी असतें. थोडें पोटांत गेलें तरी मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. काढलेलें कूलंट उघड्या घमेल्यांत अंगणांत ठेवूं नये, कारण कुत्रीं-मांजरें तें चाटतात. आणि उरलेलें पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत तर कधींच भरून ठेवूं नये. मूळच्या डब्यांत, झांकण घट्ट लावून, लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर त्याची जागा असावी.